वांग्यातील अळी आणि आपला धंदा

भाजीपाल्याच्या धंद्यात आपले बागवान बांधव पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फजरच्या नमाजनंतर मार्केट यार्ड गाठायचे, लिलावात माल घ्यायचा आणि दिवस मावळायच्या आत तो खपवायचा, हा त्यांचा रोजचा क्रम. नफा थोडा, आणि तोही किडक्या मालात जातो. वरून तुकतुकीत दिसणारे वांगे गिऱ्हाईक घरी नेते, चिरल्यावर आत अळी निघते आणि दुसऱ्या दिवशी ते गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर उभे असते! म्हणून या किडीची माहिती शेतकऱ्याइतकीच व्यापाऱ्यालाही हवी, असे आम्हास वाटते.

हिला शेंडे व फळे पोखरणारी अळी म्हणतात. तिचा पतंग पांढुरका, पंखांवर तपकिरी ठिपके असलेला, रात्री उडणारा. अंड्यातून निघालेली अळी लगेच कोवळ्या शेंड्यात शिरते आणि शेंडा मान टाकतो. फळे धरली की ती देठाच्या हिरव्या टोपीजवळून फळात जाते. शिरतानाचे छिद्र अगदी बारीक असते, विष्ठेने बुजते आणि फळ वाढेल तसे दिसेनासे होते. आपल्याला जे मोठे गोल छिद्र दिसते ते पूर्ण वाढलेली अळी कोषात जाण्यासाठी बाहेर पडल्याचे असते. तेव्हा छिद्राची वांगी बाजूला काढली की उरलेला माल निर्धोक, हा समज चुकीचा आहे. छिद्र असलेल्या वांग्यातून अळी बहुधा निघून गेलेली असते, बिनछिद्राच्या वांग्यात ती असू शकते. माल घेताना टोपीच्या कडेला काळपट ठिपका आहे का पाहावे आणि क्रेटच्या तळातील दोन-चार वांगी चिरून बघावीत. अडत्या कुरकुर करील, करू द्यावी.

अळी एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, हीच खरी अडचण. मग शेतकरी घाबरून पुन्हा पुन्हा फवारतो आणि आज फवारलेला माल उद्या तोडतो. फवारणी व तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यावेत, हे डब्यावरच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. ते विचारणारा व्यापारी विरळाच. मोनोक्रोटोफॉससारखे औषध तर भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासूनच मनाई आहे.

आपल्यापैकी अनेकजण शेतकऱ्याला उचल देतात, काहीजण शेत खंडाने करतात. त्यांच्या शब्दाला वजन असते. मान टाकलेले शेंडे दर आठवड्याला कापून, किडकी फळे तोडून, ती बांधावर न टाकता खोल पुरावीत. दहा-दहा मीटरवर कामगंध सापळे लावावेत. त्यातील गंधाने नर पतंग अडकतात. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, अर्क गाळून शंभर लिटर पाणी करून फवारावे. हे सारे एकट्याने केले तर निम्मेच साधते, कारण पतंग शेजारच्या शेतातून येतो. आणि वांग्याच्या जुन्या पळाट्या सरपणासाठी शेताकडेला रचून ठेवू नयेत, त्यांतूनही पतंग निघतात.

झाडाची पाने बारीक होऊन गुच्छ झाला असेल तर तो पर्णगुच्छ रोग. तो तुडतुड्यांमुळे पसरतो. असे झाड बरे होत नाही, उपटूनच टाकावे.

आता किडक्या मालाचे काय? चांगली वांगी वर आणि किडकी तळाला, ही पद्धत बाजारात नवी नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली, तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले होते. त्या विक्रेत्याकडे पावसाचे कारण तरी होते! किडका माल वेगळा काढून, तसे सांगून, उतरत्या भावाने खानावळवाल्यास देता येतो. तो डागाळलेला भाग कापून टाकतो. भरिताच्या मोठ्या वांग्याला मात्र ही सोय नाही, ते अख्खेच भाजायचे असते. असा माल घेतानाच दोनदा पाहिलेला बरा.

चकाकीसाठी वांग्यांवर पाणी मारून वर गोणपाट झाकू नये. तपकिरी खोलगट डागांची फळकूज ओलाव्यात वाढते आणि सकाळचा क्रेट संध्याकाळी हलका करावा लागतो.