टंगस्टनच्या सुया

टंगस्टन 3422 अंश सेल्सिअसला वितळतो. तो वितळवण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. टेल्युरियम मात्र साडेचारशे अंशांनाच पातळ होतो, आणि हजार अंशांच्या आसपास गेला की त्यात टंगस्टन थोडाथोडा विरघळतो. मग भट्टी तासाला दोन-तीन अंशांनी उतरवत आणायची. ताप उतरत जातो तसा टंगस्टनचा एकेक अणू टेल्युरियमचे दोन अणू घेऊन रसाबाहेर पडतो आणि टंगस्टन डायटेल्युराइडचा क्रिस्टल वाढू लागतो. यात आमचं कर्तृत्व फारसं नाही. घाई न करणं, एवढंच.

खरी धाकधूक असते ती त्याआधी, नळी सील करताना. टंगस्टनची भुकटी आणि त्याच्या कैक पट टेल्युरियम क्वार्ट्झच्या नळीत भरून वर क्वार्ट्झचीच लोकर बसवायची, पंपाने हवा काढायची आणि नळीचा गळा ज्योतीत धरायचा. क्वार्ट्झ पांढराशुभ्र तापतो, काळ्या चष्म्याशिवाय बघवत नाही. आतल्या पोकळीमुळे मऊ झालेल्या भिंती आपोआप आत ओढल्या जातात. आमचे काचकाम करणारे काका शेजारी उभे राहून एकच गोष्ट सांगतात, "मॅडम, फिरवत राहा, ओढू नका. काच आपली आपण बसते." ओढली तर गळ्याची भिंत पातळ होते, आणि टेल्युरियम 988 अंशांना उकळत असल्यामुळे भट्टीतल्या वाफेचा दाब त्याच जागेला शोधून काढतो. टेल्युरियम बेफिकिरीने हाताळलेल्या माणसाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो आणि तो बरेच दिवस जात नाही. आमच्याकडे हातमोज्यांची शिस्त त्या धास्तीनेच टिकून आहे, नियमांच्या फलकाने नव्हे.

सहाशेच्या आसपास नळी चिमट्याने उचलून थेट सेंट्रिफ्यूजमध्ये उलटी ठेवायची. पातळ टेल्युरियम लोकरीतून पलीकडे फेकला जातो, क्रिस्टल अलीकडे अडकून राहतात. नळी फोडल्यावर निघतात त्या लांबट, चंदेरी पट्ट्या. मिठाईवरच्या वर्खासारख्या, फुंकर लागली तरी हलणाऱ्या. टंगस्टनचे अणू एका दिशेने साखळीत बसलेले असल्यामुळे क्रिस्टल त्याच दिशेला लांब वाढतो. दिशा ओळखायला क्ष-किरण लागतातच असं नाही, क्रिस्टलची सुईच सांगते. थर मात्र एकमेकांना जेमतेम धरून असतात. चिकटपट्टी लावून ओढली की वरचा थर सुटतो आणि खाली आरशासारखा ताजा पृष्ठभाग दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली सरळ कडा, पायऱ्या नसलेला माथा आणि कुठेही मुरड न पडलेली सुई निवडायची. एका नळीतून अशा फार थोड्या मिळतात.

त्यावर चार तारा बसवायच्या. तार सोन्याची, 25 मायक्रॉन जाडीची, केसाहूनही बारीक. चांदीच्या लेपाचा थेंब साध्या सुईच्या टोकाने ठेवायचा आणि तो वाळायच्या आत तार त्यात टेकवायची. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह, आतल्या दोन तारांवर व्होल्टेज. म्हणजे तारांचा आणि लेपाचा रोध हिशेबात येत नाही. हे काम करताना पंखा बंद, बोलणं बंद.

खोलीच्या तापमानाला अशा सुईचा रोध ओहमच्या आतबाहेर असतो. द्रवरूप हेलियमच्या गारठ्यात, 4.2 केल्विनला, तो काही मिलिओहमवर येतो. किती पटींनी उतरला, यावर क्रिस्टलची प्रत ठरते. शेकडो पट उतरला तर समाधान. एक मिलिअँपिअर प्रवाहाला मोजायचे असतात जेमतेम दोन-चार मायक्रोव्होल्ट. मग थरांना काटकोनात चुंबकीय क्षेत्र वाढवायचं. 9 टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे दोन लाख पट. रोध क्षेत्राच्या जवळजवळ वर्गाने चढतो, खोलीतल्या मूळ आकड्याला मागे टाकतो आणि चढतच राहतो. 2014 मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने 'नेचर'मध्ये हे प्रथम मांडलं तेव्हा 4.5 केल्विन आणि 14.7 टेस्लाला वाढ 4,52,700 टक्के होती, 0.53 केल्विन आणि 60 टेस्लाला 1.3 कोटी टक्के. कुठेही वक्र आडवा पडला नव्हता.

कारण मात्र जुनंच आहे. साध्या धातूत क्षेत्र इलेक्ट्रॉनांना एका कडेला ढकलतं, तिथे साचलेला विद्युतभार उलटा रेटा देतो आणि प्रवाह पुन्हा सरळ होतो. टंगस्टन डायटेल्युराइडसारख्या सेमीमेटलमध्ये इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे धनभारासारख्या वागणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, जवळपास सारख्याच संख्येने असतात आणि दोघेही एकाच कडेला ढकलले जातात. भार एकमेकांना खोडतात, साचत काही नाही, रेटा येत नाही. वाहक वळतच राहतात. बिस्मथमध्येही हेच घडतं. 2015 मध्ये याच पदार्थात 'वाइल' कण, म्हणजे वस्तुमान नसल्यासारखे वागणारे इलेक्ट्रॉन, असल्याचं भाकीत आलं आणि पुढचे बहुतेक मथळे त्याने पटकावले. त्यात तथ्य आहे. पण रोधाच्या या उसळीसाठी आधी त्याच्याकडे धावायची गरज आहे असं मला वाटत नाही. स्वच्छ क्रिस्टल आणि वाहकांचा समतोल यांनी बरंचसं भागतं. मळकट सुई घेतली तर समतोल तोच, वाहक मात्र वळण पुरं व्हायच्या आत अशुद्धीवर आदळतात आणि कोटींचे आकडे कुठल्या कुठे जातात.

मोजणी एकदा करून भागत नाही. तारा कधीच नेमक्या एका रेषेत बसत नाहीत, त्यामुळे हॉल व्होल्टेज, म्हणजे प्रवाहाला काटकोनात उभं राहणारं व्होल्टेज, रोधात मिसळतं. क्षेत्राची दिशा उलटी करून पुन्हा मोजायचं आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. मिसळलेला भाग तेवढ्याने गळतो. सरासरीच्या वक्रावर, चांगल्या सुईत, बारीक लाटा दिसू लागतात. क्षेत्राच्या व्यस्ताशी समान अंतराने येणाऱ्या या लाटा शुब्निकोव्ह आणि द हास यांनी 1930 मध्ये लायडनला बिस्मथमध्ये पाहिल्या होत्या. त्यांच्या वारंवारितेवरून संवेगाच्या नकाशावरच्या इलेक्ट्रॉनांच्या आणि होलांच्या कप्प्यांचं आकारमान निघतं, आणि त्यावरून वाहकांची संख्या. टंगस्टन डायटेल्युराइडमध्ये चार वारंवारिता मिळतात, साधारण 90 ते 170 टेस्लांच्या दरम्यान. दोन कप्पे इलेक्ट्रॉनांचे, दोन होलांचे. वाहक तांब्याच्या तुलनेत हजारएक पटींनी कमी, आणि दोन्ही बाजूंच्या बेरजा काही टक्क्यांच्या फरकाने जुळतात. पण समतोलाच्या साध्या सूत्राला तेवढा फरकही चालत नाही. बेरजा पुरत्या जुळल्या नाहीत तर पुरेशा मोठ्या क्षेत्रात वक्र आडवा पडायला हवा. म्हणून समतोल किती नेमका आहे हे तपासायला पुढच्या सुईवर आम्ही दोन तारा कडेला जास्त लावतो, हॉल व्होल्टेजसाठी वेगळ्या.