रंगासाठी सूक्ष्मशैवालाचा वाण कसा निवडावा?

स्पायरुलिनाचे निळे फायकोसायनिन, डुनालिएलाचे केशरी बीटा-कॅरोटीन आणि हिमॅटोकोकसचे लाल अ‍ॅस्टाझँथिन ही नैसर्गिक रंगद्रव्ये आज टाक्यांत आणि तळ्यांत पिकवली जातात. एकाच जातीचे सगळे वाण मात्र सारखा रंग देत नाहीत. म्हणून लागवडीपेक्षा निवड आधी.

पाण्याच्या रंगावर जाऊ नका

जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हा अनेकांनी डुनालिएलाकडे बोट दाखवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत तो रंग क्षारप्रेमी हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा निघाला. त्यामुळे नमुन्यातून एकेक पेशी वेगळी करून शुद्ध वाण वाढवावा, सूक्ष्मदर्शकाखाली व डीएनएवरून त्याची ओळख पटवावी आणि मगच रंग मोजावा.

टक्केवारी नव्हे, उत्पादन पाहा

समजा, एक वाण लिटरमागे रोज ०.१ ग्रॅम वाढतो आणि त्यात ५ टक्के रंग आहे. हाती येतात ५ मिलिग्रॅम. दुसऱ्यात रंग ३ टक्केच, पण वाढ ०.३ ग्रॅम, म्हणजे ९ मिलिग्रॅम. निवड दुसऱ्याची करावी.

ताण देऊन पारखा

डुनालिएला आणि हिमॅटोकोकस तीव्र प्रकाश व नायट्रोजनची टंचाई सोसताना रंग साठवतात, पण त्याच वेळी त्यांची वाढ मंदावते. म्हणून आधी पोसून हिरवी वाढ घ्यायची आणि नंतर ताण द्यायचा, अशा दोन टप्प्यांत चाचणी करावी. अनुकूल स्थितीत डुनालिएला सलायनात कोरड्या वजनाच्या सुमारे १० टक्के बीटा-कॅरोटीन साठते. हिमॅटोकोकसमध्ये ४ ते ५ टक्के अ‍ॅस्टाझँथिन.

उघड्यावर टिकेल का?

डुनालिएला अतिखाऱ्या पाण्यात आणि स्पायरुलिना अल्कधर्मी पाण्यात वाढते. तिथे इतर जीवांचा शिरकाव कमी होतो, म्हणून दोन्ही उघड्या तळ्यांत घेता येतात. गोड्या पाण्यातल्या हिमॅटोकोकसला परके जीव लवकर गाठतात. त्याच्या हिरव्या वाढीसाठी बंद नळ्यांची यंत्रणा बरी.

रंग बाहेर निघतो का?

डुनालिएलाला कठीण पेशीभित्तिका नसते, त्यामुळे तिच्यातला रंग सहज सुटतो. हिमॅटोकोकसच्या लाल पेशींचे कवच मात्र यंत्राने फोडावे लागते. फायकोसायनिन उष्णतेने बिघडते. त्यामुळे स्पायरुलिना सुकवतानाचे तापमानही जपावे लागते.

प्रयोगशाळेत पहिला आलेला वाण ऊन, पाऊस आणि थंडी अशा तिन्ही ऋतूंत बाहेर तपासावा. तिथेही रोजचे उत्पादन टिकले, तरच त्यावर पैसे लावावेत.