घोड्याचा डोळा उद्यावर ढकलू नका

घोड्याचा डोळा दुखतोय का, हे मी आधी त्याच्या पापणीवरून ओळखते. समोर उभं राहून दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापणीचे केस पाहायचे. चांगल्या डोळ्याचे केस पुढे ताठ असतात, दुखऱ्या डोळ्याचे जमिनीकडे झुकतात. त्यात डोळ्यातून पाणी गळत असेल आणि जनावर उजेडाकडून तोंड फिरवत असेल, तर पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवावं.

जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत घोड्याइतका मोठा डोळा क्वचितच कुणाचा असतो. तो डोक्याच्या कडेला, थोडा बाहेर आलेला असतो. त्यामुळे घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण काटा, फांदी, गव्हाणीचा खिळा असं काहीही आधी डोळ्यालाच लागतं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यावर एक मिलिमीटरहूनही पातळ असतो.

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारी जात नाहीत, म्हणून तिथे घोड्यांवर कितीतरी घरं चालतात. पावसाळा सरला की उतारावरचं कुसळी गवत वाळतं. तिथल्या एका घोडीच्या डोळ्यात असंच कुसळ गेलं. मालकाने मेडिकलमधून माणसांचे थेंब आणले. लाली उतरली, त्याला बरं वाटलं. मग डोळा पांढरट होऊ लागला तेव्हा त्याचा फोन आला, ‘‘मॅडम, फूल पडतंय घोडीच्या डोळ्यात.’’

त्या थेंबांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने सूज आणि लाली दबते, पण कॉर्नियावर जखम असताना ते घातलं तर जखम भरत नाही आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. आपल्या उष्ण, दमट हवेत बुरशी गवतावर, धुळीत, निरोगी घोड्याच्या डोळ्यावरही असतेच. तंबाखूची पिंक किंवा मिठाची चूळ डोळ्यात मारणारेही मला भेटतात. त्या जनावराला किती वेदना होत असतील, याची कल्पनाच करवत नाही.

जखम आहे की नाही, हे फ्लुरोसिन नावाच्या रंगाने कळतं. रंगाची कागदी पट्टी सलाइनने ओली करून डोळ्याला लावायची, जादा रंग धुऊन टाकायचा. धड कॉर्निया रंग धरत नाही, सोललेली जागा हिरवी चमकते. इथे एक धोका असतो. जखम अगदी शेवटच्या पापुद्र्यापर्यंत पोहोचली की तिचा तळ रंग घेत नाही, नुसती हिरवी कड दिसते. मधला भाग स्वच्छ दिसला म्हणून मालक सुखावतो, आणि डोळा तर फुटण्याच्या बेतात असतो.

या घोडीचं अजून तिथवर गेलं नव्हतं, पण कॉर्निया विरघळू लागला होता. जंतूंमधून आणि सुजेतल्या पेशींमधून निघणारी विकरं तो पातळ करतात. त्यावर घोड्याच्याच रक्तातून काढलेल्या सीरमचे थेंब उपयोगी पडतात. जोडीला बुरशीवरचं आणि जंतूंवरचं औषध, तेही सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी. इतक्या वेळा दुखरा डोळा कोण उघडू देईल? म्हणून वरच्या पापणीतून एक बारीक नळी बसवली, ती आयाळीच्या वेणीत गुंफून मानेच्या मुळाशी आणली. मालकाचा मुलगा तिथूनच औषध सोडायचा. बाहुली उघडी राहावी आणि कळ थांबावी म्हणून अ‍ॅट्रोपिनही होतं. पण त्याने घोड्याची आतडी मंदावतात आणि पोटशूळ उठू शकतो. म्हणून डोळ्याच्या आजारातही लीद मोजावी लागते. त्या मुलाने थेंबांची वेळ आणि लीद दोन्ही तबेल्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलं होतं. डोळा वाचला, त्यात त्या भिंतीचा वाटा माझ्या औषधांइतकाच आहे.

साधा ओरखडा साधारण आठवड्यात भरतो. तसं झालं नाही, तर पापणीमागे कुसळ अडकलंय का, बुरशी आहे का, हे शोधावंच लागतं. दर तपासणीला मी जखमेचं चित्र काढते आणि मागच्याशी ताडून पाहते. कडेकडून बारीक रक्तवाहिन्या जखमेकडे सरकताना दिसल्या की बहुधा डोळा भरून येतोय. आदल्या दिवशी उघडा असलेला डोळा पुन्हा घट्ट मिटला, तर मात्र ताबडतोब पाहायला हवं. पापणी फाटली असेल तर लोंबता तुकडा कापू नका, तो शिवता येतो. धनुर्वाताची लसही विसरू नका, घोड्याला त्याचा धोका फार.

घोडीच्या बुबुळावर फिकट डाग राहिला, दिसतं मात्र नीट.

घोडेवाल्यांनो, मेडिकलमधल्या थेंबांवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल, तर डोळा तपासून घेतल्याशिवाय त्याचा एक थेंबही घालू नका. आणि फिरायला येणाऱ्यांनो, घोडा एक डोळा मिटून उभा असेल तर त्याच्यावर बसू नका, मालकाला तो डोळा दाखवा.