सडकेवर उतरलेली पुळण

पॅरिसहून समुद्रावर जायचं तर दोन-तीन तास प्रवास करावा लागतो. तरीही 2002 च्या जुलैत ऐन शहरात, सेन नदीच्या उजव्या काठावर एक चौपाटी अवतरली. कालपरवापर्यंत तिथे मोटारी सुसाट धावत होत्या. आता डांबरावर वाळू, वाळूत छत्र्या, कुंड्यांमध्ये ताडाची झाडं आणि आरामखुर्च्यांवर पाय पसरून बसलेले लोक! महिन्याभरात 20 लाखांवर माणसं तिथे येऊन गेली.

ही सडक साधीसुधी नव्हती. 1967 साली नदीच्या अगदी पाण्यालगत बांधलेला हा द्रुतगती मार्ग. पुढे त्याला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झॉर्झ पाँपिदू यांचं नाव मिळालं. पॅरिसकराला आपली नदी दिसायची ती पुलावरून किंवा गाडीच्या काचेतून. काठावर मात्र गाड्यांचं राज्य. ऑगस्टमध्ये अर्धं शहर सुट्टीला समुद्रावर पळतं. पण ज्यांच्या खिशाला ते परवडत नाही, त्यांनी काय करायचं? महापौर बेर्त्राँ दलानोए यांनी समुद्रच त्यांच्या दारात आणायचं ठरवलं आणि उपक्रमाला नाव दिलं ‘पारी प्लाज’. प्लाज म्हणजे आपली पुळण.

पुढच्या वर्षांत वाळू 5,000 टनांपर्यंत गेली. दहा टनी डंपर धरले तर पाचशे खेपा! पण वाळू यायची नदीतूनच, बार्जवर लादून. म्हणजे नदीच आपल्या काठावर पुळण आणून टाकत होती. मला ही गोष्ट फार आवडते.

त्या वाळूत किल्ला करणारं एखादं पोर बघा. कोरडी वाळू मुठीतून झरझर निसटते, कितीही ढीग केला तरी ठरावीक उताराहून जास्त उभी राहत नाही. तेच पोर बादलीतून थोडं पाणी ओततं, आणि त्याच वाळूची सरळसोट भिंत उभी राहते. पाणी काही डिंक नव्हे. पण दोन कणांच्या मधल्या फटीत पाण्याचा इवलासा पूल तयार होतो, आणि पृष्ठताणामुळे तो पूल दोन्ही कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. एका बुरुजात असे असंख्य पूल असतात. पाणी जास्त झालं की फटी पूर्ण भरतात, पूलच उरत नाहीत आणि बुरूज चिखलासारखा बसतो. समुद्र असो वा सडक, हा नियम तोच.

वाळूइतकेच लोकप्रिय होते पाण्याचे तुषार उडवणारे खांब. त्यांच्याखालून मुलं आणि आज्या सारख्याच आनंदाने जात. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने हे तुषार गारवा देतात: पाण्याची वाफ होताना ती आसपासची उष्णता ओढून घेते. हा निव्वळ खेळ नव्हता. दुसऱ्याच वर्षी, 2003 च्या ऑगस्टमध्ये, उष्णतेच्या लाटेने फ्रान्समध्ये सुमारे 15,000 माणसांचा बळी घेतला. तापलेल्या दगडी शहरात सावली आणि पाणी सगळ्यांना फुकट मिळणं किती मोलाचं, हे तेव्हा कळलं.

एकच उणीव होती, पण केवढी! समोर पाणी, आणि त्यात उतरायची बंदी. सेनमध्ये पोहायला 1923 पासूनच मनाई होती. 1988 मध्ये तेव्हाचे महापौर झाक शिराक यांनी आपण नदीत पोहून दाखवू, असं सांगितलं होतं. ते राहूनच गेलं. 2006 मध्ये नदीवर तरंगता तलाव आला, पण नदी ती नदी.

अडचण होती गटारांची. पॅरिसच्या जुन्या भागात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच नळातून वाहतं. मुसळधार पाऊस झाला की नळ तुडुंब भरतात आणि ते पाणी सरळ नदीत सोडावं लागतं. उपाय म्हणून ऑस्टर्लित्स स्थानकाजवळ जमिनीच्या पोटात 50,000 घनमीटरची प्रचंड टाकी खोदली. पाऊस कोसळला की जादा पाणी तिथे साठवायचं, आणि ओसरला की शुद्धीकरणाकडे पाठवायचं. ऑलिम्पिकच्या तोंडावर, 2024 मध्ये, ती सुरू झाली. त्याच वर्षीच्या जुलैत तेव्हाच्या महापौर आन इदाल्गो यांनी सेनमध्ये उडी घेतली.

दरम्यान सडकेचं काय झालं? 2016 मध्ये उजव्या काठावरच्या त्या पट्ट्यात मोटारींना कायमची बंदी झाली. पुढच्या वर्षी तिथे बाग झाली आणि वाळू आणणंही थांबलं. चार आठवड्यांसाठी गाड्या अडवायला आलेली पुळण गेली, पण गाड्या परतल्या नाहीत.

2025 च्या जुलैत नदीत पोहण्यासाठी तीन जागा लोकांना खुल्या झाल्या. त्यातली एक सँ लुई बेटासमोर, त्याच उजव्या काठाला. कमरेला पिवळा तरंगता फुगा बांधून माणसं शिडीने पाण्यात उतरतात, पहिल्या गारव्याने श्वास आत ओढतात, आणि मग हात मारत पुढे जातात.