पाहण्याचें शिक्षण

कसोटीच्या दगडावर ओढलेली रेघ पाहून सोन्याचा कस सांगणारे जुने सराफ जळगांवकरांनीं पाहिलेले आहेत. कापसाचा व्यापारी पुंजका चिमटींत धरून तंतू ओढतो व त्याची लांबी नजरेनेंच अजमावतो. केळीचा खरेदीदार फळाच्या कडा बोथट होऊन तें गोलाईस आलें कीं नाहीं हें पाहतो आणि मगच घड उतरविण्यास सांगतो. या मंडळींपैकीं कोणीं आपल्या धंद्यास शास्त्र म्हटलें नसेल; पण लक्ष देऊन पाहणें, दोन वस्तूंतील भेद ओळखणें, मापणें आणि आपला अजमास चुकला तर तो सुधारणें हेंच शास्त्राचें पहिलें पाऊल होय. नवल हें कीं, ज्या नजरेच्या बळावर बापानें पेढी चालविली, ती नजर मुलाच्या ठिकाणीं तयार व्हावी अशी काळजी घरीं क्वचितच घेतली जाते, आणि शाळेंत तर तीस तासच नेमलेला नाहीं.

पांच वर्षांचें मूल अंगणांत मुंग्यांच्या रांगेपाशीं बसलें, तर आपण त्यास हात धरून उठवितों आणि ‘बी फॉर बनाना’ घोकावयास बसवितों. खानदेशांतील मुलानें बनाना म्हणावें आणि केळ मात्र नीट पाहूं नये, असा हा प्रकार आहे! त्यानें कांहीं विचारलें तर आपण लागलींच नांव सांगून मोकळे होतों. नांव मिळालें कीं मुलास वाटतें, वस्तु कळली. आणि त्याचें पाहणें तेथेंच थांबतें. आमच्या मतें बालशिक्षणांतील मोठा दोष ज्ञान कमी देण्याचा नाहीं. उत्तर फार लवकर देण्याचा आहे.

मटकीचेंच उदाहरण घ्या. मोड आलेली मटकी ज्या घरांत होत नाहीं असें घर धुळें-जळगांवांत विरळाच. पण हा जो मोड, तो पुढें पान होतो कीं मूळ होतो, असें वाचकांनीं आज घरांतील मोठ्या माणसांस विचारून पाहावें. पुष्कळ जण घुटमळतील. उत्तर सांगण्यापूर्वीं मुलाच्या हातीं कांचेचा एक पेला द्यावा. पेल्याच्या आंतल्या बाजूस ओला कापूस लावावा, कापूस व कांच यांमध्यें चारसहा दाणे, कांहीं उलटे कांहीं सुलटे, बसवावेत आणि कापूस ओला ठेवावा. रोज सकाळीं मुलानें पेला पाहावा व जें दिसलें तें कागदावर काढावें. चित्र वेडेंवांकडें आलें तरी चालेल. दाणा कसाहि बसविलेला असो, पहिला कोंब खालींच वळतो व त्यास बारीक केंसासारखे तंतू फुटतात. पानें मागाहून वर येतात. मग पेला आडवा करून ठेवावा. एकदोन दिवसांत मुळाचें टोंक पुनः खालीं वळलेलें दिसेल. जें मूल हें स्वतः पाहील त्यास मूळ म्हणजे काय हें पाठ करावें लागणार नाहीं. दुकानांत पडून राहिलेली जुनी तागडी घरीं आणली, तर कोरडी मूठभर मटकी आणि तीच रात्रभर भिजलेली मटकी यांचें वजनहि तें करून पाहील, आणि वाढलेलें वजन कोठून आलें हें आपण होऊन विचारील.

केळीचें खोड तर याहून गमतीचें. ज्यास आपण खोड म्हणतों तें एकांत एक गुंडाळलेल्या पानांच्या देठांचें वेटोळें असतें; खरें खोड जमिनींत कंदरूपानें असतें. घड उतरल्यावर टाकून दिलेल्या खोडाचा हातभर तुकडा मुलांपुढें ठेवावा आणि एकेक पदर सोलूं द्यावा, म्हणजे झालें.

हें सर्व आम्हींच नव्यानें सांगत आहों असें नव्हे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांसाठीं बालवाडी चालविली, ती खडे, बिया, पानें, शिंपले यांच्या साहित्यावर. १९७४ सालीं मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापिलें. त्या केंद्रानें आपल्या आरंभींच्या वर्षांत ग्रामीण प्राथमिक शाळांतील विज्ञानशिक्षणाचा जो प्रयोग केला, तो आमच्याच रावेर तालुक्यांत, खिरोदें येथें. सातपुड्यापलीकडे होशंगाबादेस १९७२ सालीं सोळा शाळांतून प्रयोगांवर उभें केलेलें विज्ञानशिक्षण सुरू झालें. तें तीस वर्षें चाललें व २००२ सालीं सरकारी हुकुमानें बंद पडलें. म्हणजे वाट मळलेली आहे. आम्ही तिच्यावरून चालत राहिलों नाहीं एवढेंच.

आणखी एक गोष्ट. धुळ्याकडील कित्येक मुलें घरीं अहिराणी बोलतात. त्यांनीं किड्याचें, गवताचें किंवा पाखराचें नांव अहिराणींत सांगितलें कीं शिक्षक तें खोडून पुस्तकी शब्द लिहावयास लावतात. पुस्तकी शब्द अवश्य शिकवावा, पण घरच्या शब्दाचा अपमान करून नव्हे. कारण त्या शब्दाबरोबर मुलानें जें पाहिलें आहे तेंहि खोडलें जातें. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. पण सुगरण पक्ष्याचा खोपा त्यांनीं ज्या बारकाईनें पाहिला आणि आपल्या घरच्या बोलींत सांगितला, तशी बारकाई पदवीधरांतहि दुर्मिळ आहे.

यावर पालकांचा आक्षेप ठरलेला असतो: परीक्षेंत मटकी कोण विचारतो? आक्षेप अगदींच खोटा नाहीं. शिवाय नुसतें पाहून सर्व शास्त्र कळतें असेंहि आम्ही म्हणत नाहीं. पृथ्वी फिरते हें अंगणांत बसून कोणास दिसत नाहीं. तेथें शिक्षकच पाहिजे. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळांतून व कृतींतून शिकण्याचा मानिला आहे. या वयांत परीक्षेचा बागुलबुवा दाखविण्याचें कारण नाहीं. आमच्या दानशूर व्यापाऱ्यांसहि एक विनंती. इमारतीस देणगी द्यावी, संगमरवरी पाटी बसवावी, यास आमची हरकत नाहीं. पण प्रयोगशाळेच्या कपाटास कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशांत, अशी स्थिति असेल तेथें दुसरें कपाट देण्यापेक्षां प्रत्येक वर्गास पांचसहा भिंगें व आठवड्याचा एक मोकळा तास मिळवून द्यावा. भिंग फुटलें तर फुटूं द्यावें.

प्रारंभ सांवलीपासून करतां येईल. तिला पैसाहि पडत नाहीं. अंगणांत हातभर काठी ओळंब्यानें सरळ रोवावी व रोज दुपारीं सांवलीचें टोंक खडूनें टिपावें. बारा वाजतां सूर्य डोक्यावर येतो हें आपण लहानपणापासून ऐकलें आहे. पण जळगांव व धुळें हीं भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरींच पश्चिमेस असल्यामुळें मे महिन्यांत येथें खरा मध्यान्ह साडेबाराच्या किंचित् आधीं होतो. मे महिन्याच्या २५ तारखेच्या आसपास त्या क्षणीं काठीची सांवली नाहींशी होते. त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारची सांवली चक्क दक्षिणेस पडते, आणि पुढें पुनः उत्तरेस जाते. जुलैंतला दिवस बहुधा ढगांत जातो, म्हणून मे महिन्यांतला चुकवूं नये. त्या दिवसांत शाळांस सुटी असते. तेव्हां काठी रोवण्याचें काम घरच्यांसच करावें लागेल. दुकान तासभर मुनीमाच्या हवालीं करून वडिलांनीं उन्हांत मुलाशेजारीं बसावें, आणि दिल्लीच्या मुलांस ही सांवली कधींच नाहींशी झालेली दिसत नाहीं एवढेंच त्यास सांगावें. कां दिसत नाहीं, तें मात्र सांगूं नये.