शस्त्रांची सामाईक विहीर

चार शेजाऱ्यांनीं मिळून एक विहीर खणावी, हें शहाणपणाचेंच म्हटलें पाहिजे. परंतु ती कोणाच्या आवारांत खणावयाची आणि मोट प्रथम कोणीं धरावयाची, हे प्रश्न लगोलग उभे राहतात. युरोपांतील शस्त्रनिर्मितीची हकीकत अशीच आहे.

लढाऊ विमानाची आंखणी व चांचणी यांचा प्रचंड खर्च, विमानें थोडीं असोत वा पुष्कळ, करावाच लागतो. तो शंभर विमानांवर वांटला तर जड होतो, पांचशेंवर वांटला तर पेलतो. म्हणून ब्रिटन, जर्मनी, इटली व स्पेन यांनीं युरोफायटर विमान एकत्र घडविलें. आरंभीं फ्रान्सही वाटाघाटींत होता. पण त्याला विमानवाहू नौकेवर उतरणारें हलकें विमान हवें होतें, आणि आराखड्याचें पुढारपणही. १९८५ सालीं तो बाहेर पडला व त्यानें स्वतःचें राफाल सिद्ध केलें. तेंच आज आपल्याही हवाई दलांत आहे.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. सहकार्यांत कारखाने निरनिराळे राहून काम वांटून घेतात. एकीकरणांत कारखानेच एक होतात. युरोफायटर हें पहिल्याचें उदाहरण. त्याच्या अंतिम जोडणीचे कारखाने चार देशांत चार. कारण आपल्या कामगारांचें काम परदेशीं जाऊं देण्यास कोणीच राजी नव्हतें. काटकसरीसाठीं एकत्र यावयाचें आणि त्या काटकसरीचा कांहीं भाग मानापानांत घालवावयाचा, असा हा प्रकार झाला. क्षेपणास्त्रांत मात्र निराळें घडलें. २००१ सालीं ब्रिटिश, फ्रेंच व इटालियन कारखाने मिळून एमबीडीए ही एकच कंपनी झाली. तिचें मीटिओर क्षेपणास्त्र युरोफायटर, राफाल आणि स्वीडनचें ग्रिपेन या तिन्ही विमानांवर बसतें. विमानावरून जे दुरावले, ते अस्त्रासाठीं एकत्र आले!

परंतु सामाईक मालांत नकाराचा अधिकारही सामाईक असतो. सौदी अरेबियास नवीं युरोफायटर विमानें विकण्याची ब्रिटनची इच्छा असतांही जर्मनीनें कित्येक वर्षें संमति दिली नाहीं. २०२४ च्या जानेवारींत तो विरोध मावळला.

आणि या साऱ्याची कसोटी लागते ती आणीबाणींत. २०२३ च्या मार्चमध्यें युरोपीय संघानें युक्रेनला बारा महिन्यांत दहा लक्ष तोफगोळे देण्याचें ठरविलें. मुदत संपली तेव्हां सुमारें निम्मेच पोंचले होते. ठराव एका दिवसांत होतो, कारखाना उभा राहण्यास वर्षें लागतात. तेव्हां काम कोणीं करावयाचें, विक्रीस संमति कोणाची आणि संकटकाळीं पहिला वांटा कोणाचा, हें शांततेंतच ठरवून ठेविलें पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणावयास निघणाऱ्यांना शेजारधर्मही फारसा उपयोगीं पडत नाहीं.