पियानोवादकाच्या हाताला तेल कुठे लावायचं?

कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड वाजवायला बसण्याआधी हात गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, कधी कधी चांगली वीस मिनिटं. भर उन्हाळ्यात हातमोजे घालणारा माणूस, त्यामुळे लोकांनी हेही त्याच्या विक्षिप्तपणात जमा केलं. पण एक गोष्ट त्याला बरोबर कळली होती. नुसती बोटं शेकून भागत नाही, पाणी मनगटाच्या वरपर्यंत यायला हवं.

कारण बोटांत स्नायू जवळजवळ नसतातच. टेबलावर पंजा टेकवून एकेक बोट उचला आणि दुसरा हात कोपराखाली ठेवा. आतली वळवळ लगेच हाताला लागते. पट्टी दाबण्याचा बराचसा जोर तिथून येतो, लांब कंडरांमधून. मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून अशा नऊ कंडरा आणि एक मोठी नस जाते.

तेव्हा मालिशही कोपराखालच्या या भागापासूनच सुरू करावी. तेल खोबरेल असो की तिळाचं, फरक फारसा पडत नाही. ते मुरून स्नायूपर्यंत पोहोचत नाही, दाबणारा अंगठा कातडीवर सरकावा एवढंच त्याचं काम. कोमट तेलाचे चार थेंब पुरतात. मनगटापासून कोपराकडे सावकाश दाब देत जायचं, मग अंगठ्याखालचा मांसल उंचवटा गोल गोल चोळायचा. पंजा ताणून मोठे स्वरमेळ वाजवणाऱ्यांचा हाच भाग भरून येतो. बोटं कटाकट मोडायची हौस मात्र आवरावी. आणि वाजवण्याआधी हात साबणाने धुवावेत, नाहीतर पट्ट्यांवरून बोटं घसरतात.

अशा मालिशीने हात उबदार आणि मोकळा होतो. दुखापत बरी होईलच असं नाही. जर्मन पियानोवादक रॉबर्ट शूमानचा उजवा हात 1830 च्या दशकात निकामी होऊ लागला, तेव्हा नुकत्याच कापलेल्या जनावराच्या आतड्यांत हात घालण्याचा उपचारही त्याने करून पाहिला. हात सुधारला नाही. त्याने सारं लक्ष संगीतरचनेकडे वळवलं.

अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशरची उजव्या हाताची दोन बोटं 1960 च्या दशकात आपोआप आत वळू लागली. हा डिस्टोनिया, म्हणजे मूळ बिघाड मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांत. तीसेक वर्षांनी रॉल्फिंग नावाची खोल मालिश आणि बोटॉक्सची इंजेक्शनं यांच्या जोडीने हात पुन्हा चालू लागला, आणि 2004 मध्ये ‘टू हँड्स’ हे त्याचं ध्वनिमुद्रण आलं. इंजेक्शनं मात्र त्याला पुढेही घ्यावी लागली.